लहान दांडा

लष्कराच्या लिलावातनं आणली तेव्हा
सीटखाली घुशीनं पिल्लं घातली होती.
बाबालाल किल्लेदार बॉनेटवर थाप मारून म्हणाला,
"जोंगा आहे ओ. मरत नाही, नुसती रुसते."

मग सात महिने, उद्यमबागेत,
पाळी सुटली की लेथवर मी तिच्यासाठी बुश कापत बसायचो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
ओठ चावत.

शशिकलानं एकदाच विचारलं,
हिशेबाची वही पुढ्यात घेऊन:
लिटरला किती?
चार, म्हटलं. उतारावर पाच.
तिनं वही मिटली.
त्या रात्री आमटीत मीठ जरा जास्त होतं,
खरं मी काही बोललो नाही.

काय कामाची, लोक विचारतात.
गणपत गल्लीत वळत नाही.
तिसऱ्या रेल्वे फाटकात बंद पडली
की मागनं दोन भाषांत शिव्या येतात
आणि दोन्ही मला समजतात.
स्टेअरिंग असं, की कणकुंबीला जाऊन आलं
तर सोमवारी दंड हलत नाहीत.
एसी म्हणजे पायाशी एक झडप,
ती उघडली की थंडीच्या आधी धूळ येते.

खरं जांबोटीच्या पुढं
डांबर संपतं,
पाटीवरच्या गावाला कुणीतरी काळं फासलेलं असतं,
आणि मोठ्या दांड्याशेजारचा लहान दांडा
मी मागं ओढतो.
खट्.
दातात दात बसतो कुठंतरी खोल,
आणि दोन टनांचं हे धूड
गाभण म्हशीच्या चालीनं निघतं.

वेग नव्हे. वेग काय,
कॉलेजच्या पोरांच्या बुडाखालीपण असतो.
इथं एकेक दगड चाकाखाली येतो,
विचारतो, थांबतो, मग जाऊ देतो.
कारवीच्या काटक्या दारावर नखं ओढतात.
एका ठिकाणी रंगाखालचा रंग दिसतो
आणि त्याच्याखाली पांढरे आकडे,
अर्धे.
कुठल्या बर्फातनं, कुणाला घेऊन आली असेल,
बाबालाललाही माहीत नाही.
तेवढी वीतभर जागा
मी रंगवलेली नाही.

खिशातला मोबाईल मधनंच थरथरतो:
गोव्यात आपलं स्वागत आहे.
दोन वळणांनी महाराष्ट्रात.
मग परत कर्नाटकात.
गाडी तोवर
एका जांभ्याच्या चिऱ्यावर पुढचा पाय टाकून
विचार करत असते.

मागच्या पौषात रुतलो.
झऱ्याकाठचं हिरवं गवत, मला वाटलं घट्ट असेल.
ॲक्सलपर्यंत. लहान दांडा, मोठा दांडा,
चाकाखाली फांद्या, पायपुसणी,
शेवटी माझं जर्किनसुद्धा.
इंजिन ओरडत होतं, चिखल ऐकत नव्हता.

वरच्या गवळीवाड्यातनं बमाई येडगे आली,
दोन रेडे आणि एक साखळी घेऊन.
काही विचारलं नाही. वाकून खाली बघितलं,
जनावराचा पाय बघावा तसं.
साखळी लावली, जिभेनं एकदा टक् केलं,
आणि माझी सात महिन्यांची मिजास
मागच्या मागं सुटून बाहेर आली.

पैसे पुढं केले. घेतले नाहीत.
म्हणाली, "जरा बसू दे की."

लुगडं सावरून चढली, सरळ माझ्या जागेवर.
दांड्यावर बोट ठेवलं, "ह्यो कशाला?"
हळू जायला, म्हटलं.
हसली ती, दात नसलेल्या जागेनं:
"हळू जायला एवढं मोठं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

इंजिन बंद. दोन्ही हात चाकावर.
रोजचा तोच डोंगर
ती काचेतनं बघत राहिली,
बराच वेळ, मान जरा उंच करून.
मग खिडकीतनं डोकं बाहेर काढलं
आणि समोर उभ्या रेड्यांना
ओरडून सांगितलं,
वाटेतनं बाजूला व्हा.